भिकाजीकाकांनी काढलेले पोचे

भिकाजीकाकांना पोचा बघवत नाही. गाडीच्या दाराला आलेला पोचा काढणं हा त्यांचा धंदाच आहे, पण ते तिथंच थांबत नाहीत. आमच्या गॅरेजातली चहाची किटली, त्यांच्या लेबर कॅम्पातल्या खोलीवरची पातेली, वॉटर कूलरची बाजू, शेजारच्या बंगाली पोरांचा कुकर, सगळं त्यांच्या हातोडीखालून गेलंय. एकदा मी नवा स्टीलचा डबा घेतला होता. डिझाइन म्हणून त्याच्या झाकणावर मधोमध एक खोलगट गोल होता. जेवून हात धुऊन येईपर्यंत काकांनी तो सपाट करून टाकला.

"कंपनीतनंच दबून आला होता गो बाय," ते म्हणाले. "कुणाचं लक्षच नाही गेलं."

मी सोनम. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दुबईला आले आणि अल क्वोजमधल्या या गॅरेजात काउंटरवर बसते. ठोकून आलेल्या गाड्यांचे इन्शुरन्ससाठी इस्टिमेट करते. भिकाजी करडे आमचे सगळ्यात जुने डेंटर. मूळचे श्रीवर्धनकडचे, तांबटाच्या घरातले. वडील तांब्याचे हंडे आणि बंब घडवायचे. पुढे घरोघरी प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, हंडे माळ्यावर गेले, आणि काका कुर्ल्याच्या एका गॅरेजात पत्रा ठोकायला लागले. तिथून इकडे. गावी सगुणाकाकी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि माशांचं जेवण करून घालतात. रोज संध्याकाळी फोनवर काका पहिला प्रश्न विचारतात, "आज कोण आलंय ऱ्हायला?"

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी आहे. जुन्या बनियनचा तुकडा पत्र्यावर पसरायचा, डोळे मिटायचे, आणि वरून तळवा हळूहळू फिरवायचा. कापडामुळे बोटं अडखळत नाहीत आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला सापडतो. मग मागून लोखंडी ठोकळ्याचा आधार आणि पुढून हातोडी. टक, टक, टक. पत्रा मुळात जसा होता तसा होईपर्यंत ते उठत नाहीत. नेमक्या याच सवयीनं घात केला.

फुजैराकडे, अल अकाच्या किनाऱ्यावर एक बीच हॉटेल आहे. त्यांच्या व्हॅन आणि गोल्फकार्ट दुरुस्तीला आमच्याकडे येतात. त्यांचा ड्रायव्हर अफनान एका सकाळी व्हॅनसोबत एक गोल वस्तूही घेऊन आला, बीचवरच्या मोठ्या टॉवेलात गुंडाळलेली. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमध्ये एका आडव्या झालेल्या ट्रकचा सर्व्हे करत होते. मागाहून कळलं ते असं. अफनान म्हणाला, "चाचा, एअरपोर्ट पे दब गया. डेंट निकालना है. थर्सडे को मॅडम खुद लेने आएगी. यल्ला, मैं चला." आणि गेला.

काकांनी टॉवेल सोडला. आत पत्र्याचं परातीसारखं खोलगट भांडं, बाजूला वीतभर उंचीची कड. कडेला एक ताजा पोचा होता, तो त्यांनी चहा निवायच्या आत काढला. पण आत बघितलं आणि त्यांनी चहा बाजूला सारला. भांड्याच्या तळाला सगळीकडे फुगवटेच फुगवटे! कडेला मोठे, मध्ये लहान. आणि प्रत्येक फुगवट्याभोवती कुणीतरी खिळ्यानं ठोकावी तशी बारीक टिंबांची रेघ.

"शारजातल्या कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं वाट लावलीन बिचाऱ्या परातीची," दुसऱ्या दिवशी ते मला सांगत होते. "मी म्हटलं, हॉटेलचं भांडं आहे, बर्फ घालून त्यावर मासे मांडत असतील पाव्हण्यांसाठी. पाचशे दिरहमची तरी असेल, म्हणजे अकरा-बारा हजार रुपये झाले. अशी कशी परत द्यायची?"

त्यांनी एकेक फुगवटा बसवला. टिंबांच्या रेघांमध्ये पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला, आणि एका लँड क्रूझरचा उरलेला मोतिया पांढरा रंग फवारला. वरच्या काठावर, आपल्याकडून भेट म्हणून, मठाराचं काम केलं. मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीनं उमटवतात ते शेजारीशेजारी चमकणारे ठसे. त्यांच्या वडिलांच्या हंड्यांवर असायचे तसेच.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. त्यात माझा चेहरा दिसत होता. "भारी," मी म्हणाले. खरंच भारी होतं. मलाही ती परातच वाटली.

गुरुवारी दुपारी अफनानच्या व्हॅनमधून मॅडम उतरल्या. उंच, काळ्याभोर, बारीक वेण्यांवर पिवळा रुमाल बांधलेला, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानं मान वर केली. नाव जॉयसलिन. कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो नावाच्या छोट्या बेटावरून आलेली. तिनं मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, "हॅलो डार्लिंग" म्हटलं. त्याला असं याआधी कुणी म्हटलं नसावं. मग तिनं माझा हात धरून हलवला आणि विचारलं, "माझं बाळ कुठंय?"

काकांनी स्वच्छ कापड झाकून ठेवलेली परात आणली आणि जादूगारासारखं कापड ओढलं.

जॉयसलिन पुढे आली. तिनं पिशवीतून टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन लहान काठ्या काढल्या आणि कडेला एक ठोका दिला.

धप्प. ओल्या वाळूत नारळ पडावा तसा आवाज.

तिनं दुसरीकडे ठोका दिला. धप्प. मध्यभागी दिला. धप्प. मग ती शेजारच्या टायरवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं गो?" काकांनी मला विचारलं. "रंग नाही आवडला?"

तिनं सांगितलं ते मी काकांना मराठीत सांगत गेले. ही परात नव्हती. हे वाद्य होतं, स्टील पॅन. तिच्या बेटांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे वंशज राहतात. इंग्रज सरकारनं त्यांच्या ढोलांवर बंदी घातली, तर ते बांबू आपटून वाजवायला लागले. मग बिस्किटांचे डबे, मग तेलाची पिंपं. पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा आणि त्यात एकेक फुगवटा उठवायचा. एक फुगवटा म्हणजे एक स्वर. टिंबांची रेघ म्हणजे दोन स्वरांमधली वेस.

"म्हणजे मी काढले ते..."

"सूर होते, काका."

काकांनी आधी डोक्यावरची टोपी काढली. मग ती कुठं ठेवावी ते न सुचून परत घातली.

शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हंगामाची सुरुवात होती. बीचवर कॅरिबियन संध्याकाळ. जॉयसलिन आणि तिचे दोन साथीदार. तिला तीन महिन्यांच्या ट्रायलवर बोलावलं होतं आणि हॉटेलच्या मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं की शनिवार जमला तर राहायचं, नाहीतर परतीचं तिकीट. घरून दुसरा पॅन मागवायचा तर आठवडे लागले असते. हा तिच्या वडिलांनी तिच्यासाठी स्वतः ठोकून केलेला.

मला वाटलं, ती आता ओरडेल. मुदीरलाही वाटलं असावं, कारण तो केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. पण जॉयसलिननं बोट काठावरच्या मठारावरून फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले. मराठीत विचारल्यासारखं उत्तर दिलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तेवढ्यात काकांनी बनियनचा तुकडा पॅनवर पसरला आणि डोळे मिटले. हात फिरत राहिला. टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर तेवढा चालू होता.

"रेघा आहेत," ते शेवटी म्हणाले. "मी पुट्टीच भरली नुसती. घासली की वर येतील. पण फुगे परत उठवायचे म्हणजे... सोनम बाय, तिला विचार, हे ठोकलंन त्या माणसाचा फोन लागतो काय?"

आमच्याकडे दुपारचे चार म्हणजे टोबॅगोत सकाळचे आठ. व्हिडिओ लागला तेव्हा जॉयसलिनचे वडील, मिस्टर कथबर्ट, अंगणात उघडेच बसले होते. मागे कोंबड्या आणि त्यांच्या मागे समुद्र. जॉयसलिननं मोबाइल पॅनवर धरला. पलीकडे त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला, कोंबड्या पळाल्या.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला. "इतकं वाईट काम इतक्या सुंदर रीतीनं केलेलं मी आयुष्यात बघितलं नाही. त्या माणसाला समोर आणा."

काका समोर आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कथबर्टनं आपली हातोडी उचलून दाखवली. काकांनी आपली दाखवली. मला वाटतं, ओळख तिथंच झाली.

मुदीरनं परवानगी दिली. हॉटेलच्या सगळ्या व्हॅन आमच्याकडे येत असल्यामुळे त्याला दुसरं काही परवडणारही नव्हतं. "शनिवारपर्यंत," तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि केबिनमध्ये शिरून दार लावून घेतलं.

आधी रंग उतरवावा लागला. काकांनी आपल्याच हातानं तो मोतिया पांढरा घासून काढला. दर थोड्या वेळानं "हाय रे हाय" असं पुटपुटत होते. पुट्टीचा भुगा उडाला आणि टिंबांच्या रेघा खरंच वर आल्या, वेशींसकट सगळा नकाशा जसाच्या तसा. मग उलटं काम. पॅन पालथा घालायचा, खालून ठोकून प्रत्येक स्वराचा फुगवटा उठवायचा, परत सुलटा करून वरून थोडा बसवायचा, पुन्हा खालून. जन्मभर पोचे काढलेल्या हाताला पोचे घालायला जमेना. काका दोन ठोके द्यायचे आणि तिसऱ्याला, सवयीनं, आधीचे दोन पुसायचे.

"नो! नो! नो!" फोनमधून कथबर्ट ओरडायचा. "सोड त्याला! गुळगुळीत करू नकोस, माणसा!"

"अरे पण उंच राहिलाय तो!" काका मराठीत ओरडायचे.

"राहू दे उंच!" तिकडून इंग्रजीत उत्तर. मध्ये मी नसले तरी दोघांचं भांडण अडत नव्हतं.

माझं काम माझ्या मोबाइलवर घेतलेलं ट्यूनर बघायचं. स्वर वाजला की किती हर्ट्झ ते दिसतं आणि बरोबर जुळला की सुई हिरवी होते. मला वाटलं होतं, आकडा जुळला की झालं. पण एका स्वराच्या पोटात त्याचाच वरचा स्वरही जुळावा लागतो, नाहीतर आकडा बरोबर असूनही डबा वाजवल्यासारखं वाटतं. डिप्लोमाला अनुनादावर मला चांगले मार्क होते. तो प्रत्यक्ष कानानं ऐकायला मात्र अल क्वोजमध्ये टायरवर बसावं लागलं.

शुक्रवारी दुपारी, नमाजाची सुट्टी संपून गॅरेज परत उघडलं तेव्हा, पहिला स्वर बोलला. काकांनी खालून एक हलका ठोका दिला, जॉयसलिननं वरून काठी टेकवली, आणि "टिंग" असा आवाज आला. पाण्यावर टिचकी मारावी तसा, पण लांबत जाणारा. सुई हिरवी झाली. टायरवाला रस्ता ओलांडून बघायला आला. जॉयसलिननं काकांना मिठी मारली. काकांनी हात दोन्ही बाजूंना सरळ धरून ठेवले होते, हातोडीसकट.

त्यानंतर काम पळायला लागलं. मोठे स्वर पटापट उठले. काकांच्या हाताला आता उंचवट्याची भीती वाटेनाशी झाली होती. मधल्या वेळात गप्पा. जॉयसलिनचं गावही समुद्रावरचं, तिथेही घरोघरी पर्यटक राहतात, आणि ईस्टरला बोकडांच्या शर्यती होतात. खऱ्याखुऱ्या. बोकडामागून दोरी धरून माणूस पळतो आणि बघायला ही गर्दी जमते. मी हे सांगितल्यावर काकांनी हातोडी खाली ठेवली.

"बोकडाची शर्यत? आणि हरलेल्याचं काय करतात, विचार."

मी विचारलं. फोनमधून कथबर्ट म्हणाला, "करी."

जॉयसलिन म्हणाली, "खोटं! पपा, खोटं सांगू नका!" पण काका आणि कथबर्ट कधीचे हसत सुटले होते. तेवढ्यात श्रीवर्धनहून सगुणाकाकींचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"आज कोण आलंय ऱ्हायला?"

"नाशिकची माणसं. सारखी विचारतात, मासे ताजे आहेत ना? समोर होडीतनं उतरवले तरी विचारतात."

मी ते जॉयसलिनला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "आमच्याकडेही! हाच प्रश्न! मासा अजून उड्या मारत असतो आणि हे विचारतात!"

"कोण बाई बोलते तिकडे?" काकींचा आवाज एकदम बदलला.

"वाद्यवाली आहे. मी तिचं वाद्य मोडलं."

"मोडलंत? तुम्ही?" काकी म्हणाल्या, "मग जोडून द्या आणि जेवल्याशिवाय पाठवू नका तिला."

कॅम्पातल्या जेवणाचा डबा त्या दिवशी टायरवाल्यासकट चौघांत वाटला. जॉयसलिनला बांगड्याची आमटी कळायला वेळ लागला नाही. तिच्या बेटांवरही हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांमुळे करी आणि रोटी घरोघरी पोचली आहे. मात्र आमच्या चपातीला ती "लहान" म्हणाली.

शनिवारी सकाळी बाहेरच्या रांगेतले सगळे आणि आतल्या रांगेतले बरेचसे स्वर जागेवर होते. मधल्या अगदी बारक्या स्वरांनी मात्र दाद दिली नाही. तिथला पत्रा ठोकून ठोकून थकला होता. काका परत हातोडी उचलायला लागले तेव्हा, तिकडे मध्यरात्र असूनही फोनवर जागा असलेल्या कथबर्टनं थांबवलं.

"आणखी मारलास तर फाटेल. पुरे. आमच्याकडची पोरं याहून कमी सुरांवर शिकतात. जॉयसलिन, खालच्या पट्टीतलं वाजव. पण त्या माणसाला सोबत ने. नवे सूर आहेत, वाजवता वाजवता सरकणार."

असे काका अफनानच्या व्हॅनमध्ये बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातोडी मांडीवर. मी त्यांच्या शेजारी. पॅन आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर. अफनान सारखा मागे बघून म्हणत होता, "चाचा, मैंने डेंट बोला था ना, डेंट! किनारे वाला!"

"तू सामने देख," काका म्हणाले. "नहीं तो गाडी का भी निकालना पडेगा."

अल अकाला सूर्य समुद्रात बुडत नाही, मागच्या डोंगरांआड जातो. आम्ही पोचलो तेव्हा वाळूवर डोंगराची सावली पडली होती आणि पाणी गडद निळं झालं होतं. वाळूत खुर्च्या मांडलेल्या. रशियन जोडपी, जर्मन म्हातारे, पोरंबाळं घेऊन आलेली इमाराती कुटुंबं, दुबईतल्या अल बर्शाची नाहीतर कुठली आपल्याकडची चार मंडळी. हॉटेलचा मॅनेजर हाताची घडी घालून एका बाजूला उभा. जॉयसलिननं पिवळा रुमाल सोडून लाल बांधला होता. स्टँडवर पॅन. रंग नाही, नुसता घासलेला पत्रा, आणि काठावर मठार तेवढा चमकत होता. तो घासायला काकांचा हात धजला नव्हता.

तिनं सुरुवात केली आणि मला भीती होती तसं काहीच झालं नाही. स्वर एकामागून एक निघत गेले, गोल, ओले. साथीदाराच्या ढोलानं खालून धरलं. पहिल्यांदा पोरं उठली, मग त्यांच्या मागे आया. दुसऱ्या गाण्यात एक जर्मन म्हातारा वाळूत नाचायला लागला, आणि तेवढ्यात कडेचा एक मोठा स्वर सरकला. मला नुसतं खटकलं. काका मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

जॉयसलिननं वाजवणं थांबवलं नाही. तो एक स्वर सोडून बाकीच्यांवर घोळत राहिली आणि मानेनं काकांना बोलावलं. काका वाळूतून चालत गेले, चपला हातात, आणि पॅनखाली उकिडवे बसले. वरून ती वाजवत होती, खालून ते ठोकत होते. टक. ती तो स्वर वाजवून बघायची. नाही. टक, टक. ढोलवाल्यानं हे बघितलं आणि ठोक्यांवरच ठेका धरला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या सुरू झाल्या, काकांच्या हातोडीबरोबर. टक, टक, टाळी. काका खालून डोकं काढून बघायचे, लाजायचे आणि परत आत जायचे. मग स्वर लागला, अख्खा, आणि जॉयसलिननं त्याच्यावरूनच गाणं उचललं. मॅनेजरच्या हाताची घडी कधी सुटली ते कळलं नाही. तो टाळ्या वाजवत होता.

गाणं संपल्यावर तो पुढे आला आणि जॉयसलिनला म्हणाला, "दर शनिवारी. आणि हा हातोडीवाला माणूसही."

ती आनंदानं ओरडली. काकांना मी सांगितलं तर म्हणाले, "मुदीर सोडेल काय?" पण तोंडभर हसत होते. एक इमाराती आजीबाई नातवंडांना घेऊन त्यांच्यासोबत फोटो काढायला उभ्या राहिल्या, मग जर्मन म्हातारा.

जॉयसलिननं वडिलांना फोन लावून मोबाइल मायक्रोफोनच्या स्टँडला टेकवला होता. कथबर्टनं सगळं ऐकलं होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटलं?"

म्हातारा डोळे पुसत होता. "छान," तो म्हणाला. मग चेहरा एकदम कामाचा झाला. "पण डावीकडून तिसरा अजून आंबट वाजतोय. त्याला सांग."

मी काकांना सांगितलं.

"मला मघाशीच कळलंय," ते म्हणाले. "टाळ्या थांबायची वाट बघतोय."

टाळ्या थांबेनात. शेवटी ते तसेच खाली वाकले, आणि जॉयसलिननं काठी तिसऱ्या स्वरावर धरली.